नव्या मोबाइलचा कॅमेरा आणि प्रकाशाचे गणित

पै पै साठवून घरात नवा मोबाइल फोन येतो. खोक्यावर '५० मेगापिक्सेल' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. फोनच्या पाठीवर एक नव्हे, तीन-तीन कॅमेरे दिसतात. दुकानातील लखलखाटात काढलेले पहिले छायाचित्र सुरेखही येते. मात्र रात्री घरातल्या दिव्याच्या उजेडात कुटुंबाचे छायाचित्र काढले, की चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात, अंधाऱ्या कोपऱ्यात रंगीत ठिपक्यांची भुकटी पसरते आणि जरासा हललेला हात पुसून टाकल्यासारखा उमटतो. 'पैसे वाया गेले' असे म्हणून घरातील माणसे हळहळतात.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. नोकरीचा अर्ज, शाळेतील प्रवेश, विम्याचा दावा, पिकावर पडलेल्या रोगाविषयी विचारलेला सल्ला, विक्रीसाठी विणलेली साडी अशा कितीतरी कामांसाठी आज मोबाइलवर काढलेले छायाचित्र पाठवावे लागते. गुणपत्रिकेवरील अक्षरे पुसट आली तर अर्ज परत येऊ शकतो. साडीचा रंग खोटा उमटला तर गिऱ्हाईक माल परत करते. म्हणून छायाचित्र कशामुळे चांगले येते आणि कशामुळे बिघडते, हे समजून घेणे प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

छायाचित्र म्हणजे टिपलेला प्रकाश

वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून आत येतो आणि मागच्या पृष्ठभागावर वस्तूची प्रतिमा तयार होते. ही प्रतिमा टिपून ठेवणे, हेच कॅमेऱ्याचे काम. पूर्वी त्यासाठी रसायनांचा लेप दिलेल्या काचा वापरत. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे त्या काळातील थोर भारतीय छायाचित्रकार. इंदूर येथे सरकारी नोकरीत असताना ते या कलेकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. त्या काळातील कॅमेरे जड लाकडी पेट्यांचे असत. ते तिकाटण्यावर घट्ट बसवावे लागत, काच मोठी असे आणि मनासारखा उजेड मिळेपर्यंत थांबावे लागे. मोठी काच, स्थिर कॅमेरा आणि पुरेसा उजेड या तीन गोष्टींचे महत्त्व आजही तसूभर कमी झालेले नाही.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली आणि फिल्मची जागा संवेदकाने, म्हणजे सेन्सरने घेतली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करून तो साठवणारे साधन शोधून काढले. या शोधासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा काही वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमहून अधिक होते आणि एक छायाचित्र फितीवर साठवण्यास २३ सेकंद लागत. त्या छायाचित्रात अवघे १०,००० ठिपके होते. २००० साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात सुमारे १,१०,००० ठिपके होते. आज ही संख्या कोट्यवधींच्या घरात गेली आहे. तरीही छायाचित्र मनासारखे येत नाही, असे का?

मेगापिक्सेलचा आकडा काय सांगतो?

डिजिटल छायाचित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. रांगोळी जशी ठिपक्यांच्या आधाराने उभी राहते, तसेच हे आहे. या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. म्हणून ५० मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी ठिपके.

एवढ्या ठिपक्यांची गरज किती असते, याचा हिशेब सोपा आहे. सहा इंच लांब व चार इंच रुंद छायाचित्र कागदावर उत्तम छापायचे असेल, तर दर इंचाला ३०० ठिपके पुरतात. १८०० गुणिले १२०० म्हणजे २१,६०,००० ठिपके, अर्थात सुमारे दोन मेगापिक्सेल. लांबीत २४०० आणि रुंदीत १०८० ठिपके असलेल्या मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी सुमारे २६ लाख ठिपकेच दिसू शकतात. अर्जासाठी वापरतात तो ए-४ आकाराचा कागद भरून छायाचित्र छापायचे झाले, तरी सुमारे ८७ लाख ठिपके पुरेसे होतात. यावरून असे दिसते की, रोजच्या कामासाठी १२ मेगापिक्सेल पुरून उरतात. त्याहून मोठा आकडा छायाचित्र चांगले येईल याची हमी देत नाही. तो ठिपक्यांची संख्या सांगतो. प्रत्येक ठिपक्याला प्रकाश किती मिळाला, हे सांगत नाही.

वाटी आणि परात

ही गोष्ट पावसाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अंगणात काही परातींची आणि काही वाट्यांची ओळ मांडली आहे असे समजू. मुसळधार पाऊस आला तर सर्व वाट्यांत जवळजवळ सारखे पाणी साठते. पण दोन-चार क्षणांची बारीक सर आली, तर एका वाटीत तीन थेंब पडतात, शेजारच्या वाटीत सहा आणि तिसरीत एकही नाही. पाऊस सगळीकडे सारखाच होता, पण वाट्यांकडे पाहून ते समजत नाही. परातींचे तसे होत नाही. त्यांचे तोंड रुंद असल्याने त्याच सरीत प्रत्येकीत पुष्कळ थेंब पडतात आणि त्यांतील फरक किरकोळ राहतो.

प्रकाशही थेंबांप्रमाणे सुट्या कणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. संवेदकावरील प्रत्येक पिक्सेल हे प्रकाश गोळा करणारे भांडेच होय. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्या संख्येत सुमारे १०० चा चढउतार होतो, म्हणजे एक टक्का. तो डोळ्यांना जाणवत नाही. सरासरी १०० फोटॉनच पडत असतील, तर चढउतार सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्के असतो. सपाट रंगाच्या भिंतीवर तो भुकटीसारखा दिसू लागतो. छायाचित्रणात याला 'नॉइज' असे म्हणतात. हा फोनमधील बिघाड नाही. अपुऱ्या प्रकाशाचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

आता भांड्यांचा आकार पाहू. जुन्या कॅमेऱ्यातील ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे, म्हणजे तिचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर होते. मोबाइलमधील एक प्रचलित संवेदक सुमारे ५.६ मिलिमीटर लांब व ४.२ मिलिमीटर रुंद असतो. त्याचे क्षेत्रफळ २४ चौरस मिलिमीटरही भरत नाही. फिल्मच्या चौकटीचा हा जेमतेम छत्तिसावा भाग झाला. फोन पातळ हवा, खिशात मावायला हवा, म्हणून भिंग आणि संवेदक दोन्ही लहान ठेवावे लागतात. एवढ्याशा जागेत पाच कोटी पिक्सेल बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एका मायक्रोमीटरहूनही कमी रुंदी येते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सुमारे शंभर पिक्सेल ओळीने मावतील.

भिंगालाही स्वतःची मर्यादा असते. प्रकाश लहरींच्या रूपात पसरत असल्यामुळे कोणतेही भिंग त्याला एका सूक्ष्म बिंदूत पूर्णपणे एकवटू शकत नाही. त्याचा लहानसा ठिपका पडतो. फोनमधील सर्वसाधारण भिंगातून हा ठिपका सुमारे अडीच मायक्रोमीटर रुंद होतो. म्हणजे एकच ठिपका अनेक पिक्सेलवर पसरतो. अशा वेळी पिक्सेलची संख्या आणखी वाढवून तपशील त्या प्रमाणात वाढत नाहीत.

निर्मात्यांना याची जाणीव असते. म्हणून अनेक फोनमध्ये शेजारच्या चार पिक्सेलचा प्रकाश एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल मानला जातो. जणू चार वाट्यांतील पाणी एका भांड्यात ओतले जाते. त्यामुळे खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलेले असले, तरी नेहमीच्या वापरात मिळणारे छायाचित्र बहुधा साडेबारा मेगापिक्सेलचे असते. हा उपाय योग्यच आहे. पण तो ठाऊक नसल्याने ग्राहक मोठ्या आकड्याकडून मोठी अपेक्षा करतो आणि तेथेच निराशेचे बीज पडते.

कॅमेऱ्यांच्या संख्येचेही असेच आहे. स्वस्त फोनमध्ये मुख्य कॅमेरा एकच असतो. सोबतचे दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे अगदी जवळची वस्तू टिपण्यासाठी किंवा अंतराचा अंदाज घेण्यासाठी बसवलेले असतात. त्यांच्या संख्येने मुख्य छायाचित्राचा दर्जा वाढत नाही.

रात्रीच्या उजेडात काय घडते?

भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक आहे. रात्री घरातील दिव्याखाली ती बहुधा १०० ते ३०० लक्स असते. हा फरक कित्येक शेकडा पटींचा आहे. माणसाचा डोळा अंधाराशी सहज जुळवून घेतो, म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. कॅमेऱ्याला मात्र मिळेल तेवढ्याच प्रकाशावर काम भागवावे लागते.

त्याच्याजवळ दोन उपाय असतात. पहिला, प्रकाश अधिक वेळ गोळा करणे. उन्हात सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, तर खोलीत सेकंदाचा तिसावा किंवा पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात हात थरथरतो, मूल मान वळवते आणि चित्र फिसकटते. दुसरा उपाय, मिळालेला संकेत वाढवणे. पण ध्वनिवर्धकातून वक्त्याच्या आवाजाबरोबर खरखरही मोठी होते, त्याप्रमाणे येथे नॉइजही वाढतो. शिवाय भारतातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण छायाचित्रावर कधी कधी आडवे काळे पट्टे उमटतात, ते यामुळेच.

फोनमधील संगणकाची कामगिरी

छायाचित्राची कळ दाबली की फोन एकच छायाचित्र काढतो, असा समज असतो. आधुनिक फोन बहुधा एकामागून एक अशी अनेक छायाचित्रे घेतो, ती एकमेकांवर नेमकी बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. सरासरीत नॉइज कमी होतो. २०१८ नंतर फोनमध्ये लोकप्रिय झालेली 'नाइट मोड' ही सोय याच तत्त्वावर चालते. मात्र तिला काही सेकंद लागतात. त्या अवधीत फोन आणि समोरची व्यक्ती दोन्ही स्थिर राहिली, तरच तिचा लाभ होतो.

रंगांच्या बाबतीतही संगणकाचा वाटा मोठा असतो. बहुतेक संवेदकांत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून गणिताने काढावे लागतात. प्रकाश भरपूर असेल तर हे गणित अचूक येते. प्रकाश कमी असेल तर अंदाजाचा भाग वाढतो. नॉइज झाकण्यासाठी फोन चित्र गुळगुळीत करतो आणि त्याबरोबर त्वचेवरील रेषा, केसांच्या बटा, कापडाची वीणही पुसली जाते. 'ब्यूटी' नावाची सोय सुरू असेल तर चेहरा आणखीच मेणाचा दिसतो. ही सोय बंद करता येते.

चेहरा वेगळा दिसण्याचे आणखी एक कारण अंतर हे आहे. फोन हातभर अंतरावर धरला असता नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान दूर असतात. त्यामुळे नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते. दोन पावले मागे सरकल्यास हा दोष कमी होतो.

पाठवताना होणारा बिघाड

काही वेळा मूळ छायाचित्र चांगले असते. ते बिघडते वाटेत. संदेश पाठवणारी ॲप इंटरनेटचा खर्च वाचावा म्हणून छायाचित्राचा आकार कमी करतात. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे, म्हणजे १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र १६०० गुणिले १२०० एवढे झाले, तर त्यात सुमारे १९ लाख पिक्सेल उरतात. हा मूळच्या सहाव्या भागाहूनही कमी आहे. तेच छायाचित्र पुढे पाठवले, पडद्यावरून पुन्हा टिपले आणि पुन्हा पाठवले, तर अक्षरे वाचता येईनाशी होतात. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून 'एचडी' दर्जा निवडण्याची सोय आहे. महत्त्वाचा कागद असेल तर तो छायाचित्र म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा; त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

हाती असलेल्या फोनचा उत्तम उपयोग

पुढील गोष्टींना पैसा लागत नाही. थोडे लक्ष मात्र द्यावे लागते.

१. नव्या फोनच्या कॅमेऱ्यावर कधी कधी पारदर्शक संरक्षक पापुद्रा चिकटवलेला असतो. तो काढावा. भिंगावर बोटांचा तेलकटपणा बसला की दिव्यांभोवती धुरकट वलये दिसतात. म्हणून स्वच्छ मऊ सुती कापडाने भिंग हलकेच पुसावे.

२. उजेडाची दिशा पाहावी. व्यक्तीला खिडकीकडे तोंड करून बसवावे. तिच्या पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो.

३. फोन दोन्ही हातांनी धरावा, कोपरे अंगाला टेकवावीत, शक्य असल्यास भिंतीचा आधार घ्यावा. टायमर लावल्यास कळ दाबताना बसणारा धक्का टळतो.

४. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा वस्तूच्या जवळ जावे. दूरचे टिपणारे वेगळे भिंग नसेल, तर चित्र दुप्पट मोठे करताना संवेदकाचा केवळ चौथा भाग वापरला जातो.

५. ज्या भागाला महत्त्व आहे, त्यावर पडद्यावर बोट टेकवावे. फोन त्या भागावर नजर स्थिर करतो आणि तेथील उजेडाचे माप घेतो.

६. कागदपत्र सपाट जागी, दिवसाच्या उजेडात ठेवावे. फोन कागदाला समांतर धरावा आणि स्वतःची सावली पडू देऊ नये. फ्लॅश बंद ठेवावा, कारण चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो. पाठवण्यापूर्वी छायाचित्र मोठे करून सर्वांत बारीक अक्षर वाचता येते का, हे पाहावे.

७. विक्रीच्या वस्तूचे छायाचित्र एकाच प्रकारच्या उजेडात काढावे. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले की कॅमेऱ्याची रंगांबाबत गफलत होते.

फोन घेताना आणि घेतल्यावर

नवा फोन घेताना मेगापिक्सेलबरोबर संवेदकाचा आकार विचारावा. तो अपूर्णांकात सांगतात. छेद जितका लहान, तितका संवेदक मोठा, म्हणजे १/१.५६ हा संवेदक १/२.७६ पेक्षा मोठा असतो. हाताची थरथर सावरणारी 'ओआयएस' ही सोय आहे का, तेही विचारावे. झगमगत्या दर्शनी भागाऐवजी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात छायाचित्र काढून ते मोठे करून पाहावे. खरी परीक्षा तेथेच होते.

मात्र प्रत्येक वेळी दोष प्रकाशाचाच असतो असे नाही. भिंग स्वच्छ आहे, दिवसाचा भरपूर उजेड आहे, वस्तू व फोन दोन्ही स्थिर आहेत, तरीही चित्राची एक बाजू नेहमी धूसर येते, ठरावीक जागी तोच डाग दिसतो किंवा नजर कशावरच स्थिरावत नाही, तर तो यंत्राचा दोष असण्याची शक्यता आहे. अशी दोन-तीन छायाचित्रे जपून ठेवावीत आणि हमीची मुदत संपण्यापूर्वी खरेदीच्या पावतीसह अधिकृत सेवा केंद्रात जावे. कोणता दोष उजेडाचा आणि कोणता यंत्राचा, हे ज्याला ओळखता येते, त्याची समजूत कोणी भलत्याच कारणाने घालू शकत नाही. त्याचप्रमाणे तो चांगला फोन निष्कारण टाकूनही देत नाही.

करून पाहा

घरातील एखादे वर्तमानपत्र घ्या. त्याचे पहिले छायाचित्र सकाळी खिडकीजवळ काढा. दुसरे रात्री दिव्याखाली, फोन हातात धरून काढा. तिसरे त्याच दिव्याखाली, फोन डब्याला टेकवून आणि टायमर लावून काढा. तिन्ही छायाचित्रे सारखीच मोठी करून त्यांतील बारीक मजकूर वाचा. फोन तोच, मेगापिक्सेलही तेवढेच. मग अक्षरांत पडलेला फरक कशामुळे, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा.